गोचीड तापात कुंपणच शेत कसं खातं

आमची चंद्री पहिल्यांदा व्यायली आणि तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी तिने गव्हाणीतला मुरघास नुसता हुंगला आणि मान फिरवली. एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टिनच्या संकराची गाय, सकाळपर्यंत व्यवस्थित दूध देत होती, संध्याकाळी निम्म्यावर आली. थर्मामीटर लावला तर १०५. घरात जो तो एकच बोलला, व्यायल्यामुळे अशक्तपणा आलाय, प्रतिकारशक्ती कमी पडलीय. दुसऱ्या दिवशी एकाने ताप उतरायचं इंजेक्शन दिलं, टॉनिकची बाटली दिली, ताप उतरला, परत चढला, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझ्या चुलत्यांनी तिच्या खांद्याच्या पुढे बोटं घालून दाबून बघितलं आणि म्हणाले, "अगं, इथं पेरूएवढी गाठ आलीय, हा गोचीड ताप आहे, आधी मोठ्या डॉक्टरांना फोन लाव."

तो प्रसंग झाल्यापासून मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले, आमच्या डॉक्टरांना भंडावून सोडलं, आणि जे कळलं ते इतकं वेगळं होतं की सगळ्या गोठेवाल्यांना सांगावंसं वाटतं. गोचीड तापात, म्हणजे थायलेरियात, गायीची प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. ती नको तितकी आणि नको त्या दिशेला पळत असते, कारण हा जंतू प्रतिकारशक्तीच्याच पेशींमध्ये घर करून बसतो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात तसला प्रकार. म्हणून "इम्युनिटी वाढवा" असं लिहिलेल्या पावडरी या आजारात का उपयोगी पडत नाहीत ते समजायचं असेल तर आत काय चालतं ते बघावं लागेल.

सुरुवात गोचिडापासून. सगळे गोचीड हा ताप देत नाहीत, आपल्याकडे तो मुख्यतः हायलोमा जातीच्या गोचिडातून येतो, लांब पट्टेदार पायांचा, चपळ, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत राहणारा. त्याचं पिल्लू आजारी किंवा जंतू बाळगणाऱ्या गायीचं रक्त पितं, गळून पडतं, फटीत कात टाकून मोठं होतं आणि मग दुसऱ्या गायीला चिकटतं, तेव्हा तो जंतू तिच्यात जातो. गोचिडाच्या अंड्यातून मात्र हा जंतू पुढच्या पिढीत जात नाही, प्रत्येक नव्या गोचिडाला तो कुठल्यातरी जनावराच्या रक्तातूनच घ्यावा लागतो, म्हणजे आपलंच एखादं जनावर त्याचं कोठार असतं. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, गोचीड चिकटल्या चिकटल्या जंतू सोडत नाही. त्याच्या लाळग्रंथीत जंतू तयार व्हायला रक्त पिणं सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन दिवस जातात. म्हणजे रोज हात फिरवून गोचीड काढणाऱ्याच्या हातात तेवढी मुदत असते.

या जंतूचं पूर्ण नाव थायलेरिया ॲन्युलाटा. १९०४ साली कॉकेशसच्या भागातल्या गुरांमध्ये त्याची नोंद झाली. थायलेरिया हे नाव दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या आर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकावरून पडलं, आणि त्यांच्याच मुलाला, मॅक्स थायलरना, पिवळ्या तापाच्या लशीसाठी १९५१ चं नोबेल मिळालं. बापाचं नाव गुरांच्या जंतूला आणि मुलाचं काम माणसाच्या लशीत, मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता आत काय होतं ते बघू. गायीच्या शरीरात काहीही परकं शिरलं की पहिल्या फळीत धावून येतात त्या मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी. यांचं काम दुहेरी. आलेल्या जंतूला गिळायचं, आतल्या आम्लाच्या पिशवीत घालून विरघळवायचं, आणि मग त्याचे तुकडे आपल्या अंगावर बाहेर टांगून बाकीच्या पेशींना दाखवायचे की बघा, हा असा दिसतो, याला ओळखून ठेवा. ही दाखवण्याची जी व्यवस्था आहे तिच्यावरच पुढची सगळी लढाई उभी असते.

थायलेरिया नेमका याच पेशींमध्ये शिरतो. मॅक्रोफेज आणि बी पेशी, म्हणजे ज्या जंतूची ओळख करून देतात त्याच. शिरताना तो पेशीच्या पातळ पडद्यात गुंडाळून आत जातो, पण आत गेल्या गेल्या थोड्याच वेळात तो पडदा फाडून मोकळा होतो आणि पेशीच्या मधल्या भागात जाऊन बसतो. त्यामुळे आम्लाची पिशवी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खाणावळीत आलेलं गिऱ्हाईक थेट मालकाच्या गादीवर जाऊन बसावं तसं.

यानंतर तो जे करतो ते वाचून मी खरंच हादरले. प्रत्येक पेशीला आपल्यात बिघाड झाला तर मरून जायचा हुकूम असतो, शरीराची ती सोय आहे. थायलेरिया पेशीतला तो हुकूम दाबून टाकतो आणि उलट वाढ-वाढ म्हणणारे इशारे कायमचे चालू करून ठेवतो. पेशी न थांबता दुप्पट होत जाते, अगदी कॅन्सरच्या पेशीसारखी. आणि पेशी विभागताना जी दोरखंडासारखी रचना तयार होते ना, दोन्ही बाजूला वाटणी करणारी, तिलाच हा जंतू चिकटून बसतो, म्हणजे पेशीचे दोन भाग झाले की जंतूचेही आपोआप दोन भाग, एकेका नव्या पेशीत एकेक. एकदाही पेशीबाहेर यायची गरज नाही. पण कॅन्सरमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. औषधाने आतला जंतू मारला की पेशीची ती बेफाम वाढ थांबते आणि पेशी मरून जाते. कॅन्सरसारखं रूप घेतलेली पेशी जंतू गेला की परत ताळ्यावर येते असं फार कुठे बघायला मिळत नाही, म्हणून जगभरचे कॅन्सरवर काम करणारे लोकसुद्धा गायीच्या या आजाराचा अभ्यास करतात.

खांद्यापुढची ती पेरूएवढी गाठ म्हणजे काय ते आता समजेल. गोचीड कानाला किंवा मानेला चिकटला तर त्या भागाची लसगाठ (लिम्फ नोड) खांद्याच्या पुढे असते, कासेकडे चिकटला तर मागची कासेजवळची गाठ आधी सुजते. जंतू घेतलेल्या पेशी आपल्या नेहमीच्या वाटेने त्या गाठीत येतात, कारण ओळख करून द्यायची जागाच ती. आणि इथे घोळ होतो. या पेशी जंतूचे तुकडे दाखवतात खरे, पण त्यासोबत टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, इतकी जोरात आणि इतकी सरसकट चिथावणी देतात की जिला या जंतूशी काही देणंघेणं नाही ती टी पेशीसुद्धा जागी होते आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडायला लागते. एरवी हे रसायन चांगलं, मॅक्रोफेजला मारायची ताकद देणारं. पण जी मॅक्रोफेज आधीच जंतूच्या ताब्यात गेलीय तिच्यावर त्याचा मारक परिणाम होत नाही. म्हणजे आरडाओरडा प्रचंड आणि नेमका वार कोणावरच नाही. गाठीत अँटीबॉडी, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, तयार करणाऱ्या पेशी घडवण्याची जी जागा असते ती या गोंधळात उद्ध्वस्त होते.

ताप तिथून येतो. बिघडलेल्या पेशी आणि चिथावलेल्या पेशी मिळून टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ अशी सूज आणणारी रसायनं रक्तात सोडत राहतात, ती मेंदूला सांगतात की तापमान वाढव. १०४, १०५, १०६. तीच रसायनं भूक मारतात, मांस झिजवतात, दूध आटवतात. चंद्रीची बरगडी आठ दिवसांत मोजता यायला लागली होती, ती काही फक्त चारा कमी खाल्ल्यामुळे नाही. आणि या पेशी गाठीतून निघून यकृतात, फुप्फुसात, चौथ्या पोटात घुसतात, म्हणून काही जनावरांना खोकला येतो, नाकातोंडाला फेस येतो, आणि मेलेल्या जनावराचं चौथं पोट उघडलं तर आतून छिद्र पाडल्यासारखे गोल गोल व्रण दिसतात.

पुढचा टप्पा लाल पेशींचा. पांढऱ्या पेशीत पोसलेला जंतू काही दिवसांनी रूप बदलतो, पेशी फोडून बाहेर येतो आणि लाल रक्तपेशीत शिरतो, ज्या रूपात पुढचा गोचीड त्याला उचलणार असतो. इथे रक्त कमी होतं, पापणी उलटून बघितली तर आतला भाग गुलाबीऐवजी पांढरा, मग पिवळट. आपल्याला वाटतं जंतूने रक्त खाल्लं. थोडंफार तसं आहेही, पण बरंचसं नुकसान परत गायीच्या स्वतःच्या व्यवस्थेचंच. प्लीहेतल्या खाऊ पेशी खवळलेल्या असतात आणि जंतू असलेल्या लाल पेशींबरोबर नसलेल्या, चांगल्या लाल पेशीही गिळत सुटतात. म्हणून औषधाने जंतू मेला तरी रक्त लगेच भरत नाही, कधीकधी पहिले काही दिवस अजून खाली जातं, आणि लोक म्हणतात की औषध लागू पडलं नाही.

चंद्रीचं हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं होतं की डॉक्टरांनी रक्त चढवायचं ठरवलं. शेजारच्या घरचा खिलार बैल आणला, निरोगी, त्याच्या रक्ताची आधी स्लाइड बघून घेतली. मला वाटलं माणसासारखा गट जुळवायला लागेल. गुरांमध्ये ११ रक्तगट-प्रणाली आहेत, पण पहिल्यांदाच रक्त देत असाल तर सहसा धोका कमी असतो, कारण दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी आधीपासून फारशा नसतात, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा देताना मात्र जपावं लागतं. बैलाच्या मानेच्या शिरेतून पिशवीत थेंब थेंब रक्त उतरत होतं, तो शांतपणे कडब्याची एक कांडी चघळत उभा होता, चुलते त्याच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत होते. दोन तासांनी चंद्रीने कान हलवले आणि पाण्याच्या बादलीत तोंड घातलं. त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही.

मग काही गायी जगतात त्या कशामुळे? त्यांच्यात वेळेवर खरी नेमबाज टी पेशी तयार होते, मारेकरी टी पेशी म्हणू. जंतू पेशीच्या आत बसलेला असल्यामुळे अँटीबॉडी त्याला गाठूच शकत नाही, अँटीबॉडीला फक्त तो थोडा वेळ मिळतो जेव्हा जंतू गोचिडाच्या लाळेतून येऊन अजून पेशीत शिरलेला नसतो. एकदा आत गेला की काम मारेकरी पेशीचं. ती प्रत्येक पेशीच्या अंगावर टांगलेले तुकडे तपासत फिरते, थायलेरियाचा तुकडा दिसला की अख्खी पेशी आतल्या भाडेकरूसकट संपवते. जोडीला निरोगी मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात, तोही जंतूला मारक. सगळी शर्यत वेळेची आहे, जंतू भरलेल्या पेशी आधी वाढतात का मारेकरी पेशी आधी तयार होतात. गोचिडाने एकदम किती जंतू सोडले त्यावरही खूप अवलंबून असतं, एक गोचीड आणि पन्नास गोचीड यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

गावठी गायीला होत नाही असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. होतो, वासरांना तर नक्कीच होऊ शकतो. पण सोसण्यात फरक आहे हे खरं, आणि तो फरक मोजलाही गेलाय. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबराच्या अभ्यासात साहिवाल या देशी आणि होल्स्टिन या विलायती जातीच्या वासरांना जंतूचा सारखाच डोस देऊन बघितलं, साहिवालना ताप कमी आला, रक्तातले जंतू कमी राहिले, आणि सूज आली की यकृत जी प्रथिनं रक्तात सोडतं ती साहिवालमध्ये खूपच कमी होती. म्हणजे साहिवालला लागण झाली नाही असं नाही, तिच्या शरीराने गोंधळ कमी घातला. शेकडो वर्षं या जंतूबरोबर राहिलेल्या जातीचं हे शहाणपण आहे. एचएफ, जर्सीच्या पूर्वजांना युरोपच्या थंडीत हा गोचीड कधी भेटलाच नाही, त्यामुळे त्यांचं शरीर पहिल्याच भेटीत सगळा दारूगोळा एकदम उडवतं. आपल्या नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात दुधासाठी संकर वाढला तसा हा ताप जास्त महागात पडायला लागला त्याचं कारण हे. म्हशींच्या रक्तातही हा जंतू सापडतो पण त्या बहुतेक वेळा फारसं काही न होता तो बाळगत राहतात, त्यामुळे एकाच गोठ्यात म्हशी आणि क्रॉस गायी असतील तर लक्ष जास्त द्यायला हवं.

इथे एक गल्लत काढून टाकते, कारण अनेक जण विचारतात की जंताचं औषध वेळेवर देतो तरी हा ताप का आला. जंत आणि थायलेरिया दोन्ही परजीवीच, पण शरीर त्यांच्याशी वेगळ्या पद्धतीने लढतं. पोटातला जंत पेशीपेक्षा लाखो पटीने मोठा, त्याला गिळणार कोण, म्हणून तिथे आयजीई नावाची अँटीबॉडी, इओसिनोफिल नावाच्या पेशी आणि आतड्यातला चिकट स्राव अशी फौज उतरते जी जंताला भाजते, सैल करते आणि शेणावाटे बाहेर ढकलते. वासरांमधल्या गोल जंताचं तर वेगळंच, त्याच्या अळ्या मोठ्या गायी-म्हशीच्या शरीरात गप्प पडून राहतात आणि व्यायल्यावर दुधातून वासरात जातात, म्हणून वासराला पहिलं जंताचं औषध दहा-पंधरा दिवसांचं असतानाच द्यायला सांगतात. ते औषध द्याच, पण त्याने थायलेरियाला काही होत नाही.

थायलेरियावरचं खरं औषध म्हणजे बुपारव्हाक्वोन, मानेच्या स्नायूत द्यायचं इंजेक्शन. ते जंतूची श्वासासारखी जी ऊर्जा बनवायची यंत्रणा असते तीच बंद पाडतं. लवकर दिलं, म्हणजे गाठ सुजलीय आणि ताप आहे पण पापणी अजून गुलाबी आहे अशा वेळी, तर जनावर बहुधा वाचतं. पापणी पांढरी झाल्यावर दिलं तर जंतू मरतो पण वर सांगितलेलं सगळं नुकसान होऊन बसलेलं असतं. आमचे ते चार दिवस मला म्हणूनच अजून सलतात. आणि हे औषध अर्धवट डोसात, अंदाजाने, उगाच देत राहिलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो, ट्युनिशिया, इराण, सुदानमध्ये असे जंतू सापडलेले आहेत. वजन धरून किती द्यायचं, परत द्यायचं का, ते डॉक्टरांनीच ठरवावं. ताप झटकन उतरतो म्हणून कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असेल तर निदान होईपर्यंत थांबवा, ज्या मारेकरी पेशींवर आपली भिस्त आहे त्यांनाच ते खाली बसवतं.

निदान कसं, तर कानाच्या शिरेतल्या रक्ताची स्लाइड, किंवा सुजलेल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पाण्याची स्लाइड. गाठीच्या स्लाइडमध्ये पेशीच्या आत निळे ठिपकेदार गोळे दिसतात, त्यांना कॉखचे निळे गोळे म्हणतात, टीबीचा जंतू शोधणारे तेच रॉबर्ट कॉख. जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणीही होते, पण ती बरी झालेली गायसुद्धा पॉझिटिव्ह दाखवते. कारण बरी झाली म्हणजे जंतू गेला असं नसतं, थोडे जंतू लाल पेशींमध्ये वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांच्यामुळेच मारेकरी पेशींना सराव राहतो. हा तह असतो. वेत, लांबचा प्रवास, लाळ्या-खुरकूत असा मोठा ताण आला की कधीकधी तह मोडतो आणि ताप परत येतो.

लस आहे, रक्षाव्हॅक-टी नावाची, आणि ती कशी चालते हे आता एका वाक्यात कळेल. जंतू असलेल्या गायीच्या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत नेल्या की त्यातला जंतू जिवंत राहतो पण त्याची आजार घडवायची धार जाते, त्याच पेशी जनावराला टोचतात, म्हणजे मारेकरी पेशींना खऱ्या जंतूवर पण सुरक्षित सराव मिळतो. मेलेल्या जंतूची लस इथे पुरेशी का पडत नाही तेही यातच आलं, ती अँटीबॉडी बनवेल, पण पेशीच्या आत बसलेल्याला ओळखायचं शिक्षण देणार नाही. लस घेतलेल्या गायीलाही लागण होते, पण सहसा जीवघेणा ताप येत नाही.

गोचिडांसाठी औषध फवारताना अंगाबरोबर भिंतीच्या फटी, गव्हाणीखालची कड, दाव्याचे खुंटे सोडू नका, हायलोमा तिथेच असतो. फटी बुजवा, चुना मारा. आणि काढलेले गोचीड बोटाने चिरडू नका, हातमोजे घाला, रॉकेलच्या डब्यात टाका. थायलेरिया माणसाला होत नाही, पण हायलोमाच गोचीड काँगो ताप माणसाला देऊ शकतो, २०११ मध्ये गुजरातमध्ये त्याने माणसं दगावली होती.

चंद्री आता तिसऱ्या वेताला आहे. तिच्या रक्तात जंतू असणारच, हे धरून आम्ही चालतो, त्यामुळे बाजारातून नवी कालवड आणली की तिला लस देऊन मगच चंद्रीच्या दावणीला बांधतो, मधले काही आठवडे ती वेगळ्या छपरात असते. ही लस द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवूनच आणावी लागते आणि बाहेर काढल्यावर ठेवून चालत नाही, म्हणून आमच्या वस्तीवर चार-पाच घरांची जनावरं मोजून एकच दिवस ठरवतो आणि त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी आपापली जनावरं बांधूनच ठेवायची असं ठरलेलं आहे.